दहा पळांची गंमत

फार पूर्वी, घड्याळांना अजून काटे फुटले नव्हते तेव्हा, खाडीकाठच्या एका गावात एका तांबटानं पैज मारली. शहाणा माणूस मारणार नाही अशी पैज. पण तांबटाला गावात कुणी शहाणा म्हणतच नव्हतं, त्यामुळे त्याला कसली चिंता?

नाव त्याचं धाकू. तांब्याची भांडी ठोकायचा, आणि ठोकता ठोकता कुणाची ना कुणाची खोडी काढायचा. एकदा त्यानं गुरवाच्या झारीच्या तोटीला आतून असा बाक दिला, की पाणी देवावर न पडता थेट गुरवाच्या धोतरावर पडायचं. देव कोपला म्हणून गुरव बिचारा महिनाभर उपास करत बसला, आणि धाकू रोज संध्याकाळी त्याला तोंड पाडून विचारायचा, काय गुरव, आज तरी देवानं घेतलं का हो पाणी?

तर धाकूच्या भट्टीपाशी एक बुरूड येऊन बसायचा. पाट्या विणायचा आणि कळ लावायचा, दोन्ही कामं एकाच वेळी. तो एके दिवशी म्हणला, गुरवाला कुणीपण फसवेल. हिंमत असेल तर घटकेआबाला चुकवून दाखव. उद्या दुपारी दीपमाळेची सावली देवळाच्या पायरीला टेकेल तेव्हा टोला पडता कामा नये. पडला तर तुझी मिशी माझी, नाही पडला तर माझी तुझी.

धाकूची बायको आतून सगळं ऐकत होती. तिनं कपाळाला हात लावला. धाकूनं मिशीला लावला आणि पैज घेतली.

आता हे घटकेआबा कोण, तर गावाची वेळ राखणारा म्हातारा. खाडीच्या वर एक पार होता. त्या पारावर पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ. त्या पाण्यात तांब्याची एक वाटी तरंगत सोडलेली, आणि वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी थेंबाथेंबानं वर यायचं, वाटी भरायची आणि गुडूप करून बुडायची. वाटी बुडाली की एक घटका झाली. साठ पळांची एक घटका, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. मग आबा मोगरी उचलायचा आणि टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला द्यायचा. सूर्य उगवला की पहिली वाटी सोडायची, पहिली बुडाली की एक टोला, दुसरीला दोन, आणि दुपारी डोक्यावर ऊन आलं की बरोबर पंधरा.

गाव त्या टोल्यावर चालायचं. डाळ शिजली का हे बायका झाकण उघडून बघायच्या नाहीत, टोला मोजायच्या. नवरी बोहल्यावर उभी राहायची ती टोल्यावर, आणि पोरं शाळेतून सुटायची तीही टोल्यावर. ऊन कुठं आलंय ते बघायची सवयच मोडली होती लोकांची. बघायचं कशाला? आबा आहे ना बसलेला. चाळीस वर्षांत त्याचा एक टोला चुकला नव्हता, आणि तो हे कुणाला सांगतही नव्हता. बुरडाला तेच जास्त झोंबायचं.

वाटी चुकवायची कशी, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. धाकूला नाही. कारण दर अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी, दिवसाचा शेवटचा टोला झाला की, ती वाटी त्याच्याकडेच यायची. खाडीच्या खाऱ्या हवेनं तांब्याला हिरवा कळंक चढायचा. तो चिंचेनं घासून काढायचा, आणि घोड्याच्या शेपटीचा एक केस भोकातून ओवून बघायचा. केस नीट सरकला म्हणजे भोक मोकळं आहे. त्या दिवशीही आबा वाटी घेऊन आला. धाकूनं घासली, लखलखीत केली, आणि आबा तपकीर ओढायला तोंड फिरवून बसला तेवढ्यात मधमाशीच्या मेणाचा एक थेंब भोकाच्या कडेला फिरवला. भोक बुजलं नाही, नुसतं अंमळ बारीक झालं.

आबा देवळात जाऊन येईपर्यंत त्यानं ती पाण्यात सोडून बघितली आणि मनात पळं मोजली. साठ पळांच्या जागी सत्तर पळं लागली. दहा पळांचा फरक. दहा पळं म्हणजे किती, तर माणूस पान लावून तोंडात टाकेपर्यंत जातात तेवढी. धाकू मनात म्हणला, सावली सरकून जायला एवढं बास. कुणाला कळणारसुद्धा नाही.

आबानं परत येऊन वाटी घेतली. उलटी करून बघितलीसुद्धा नाही.

"तू केस घातलास ना?" त्यानं विचारलं.

"घातला की."

"मग झालं."

आणि तो काठी टेकत गेला. धाकूला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, पण लांबच्याला सांगतो. अमावास्येला आणि पुनवेला ओहोटी फार लांब जाते. एरवी पाण्याखाली असलेला वाळूचा एक मोठा दांडा तेव्हा उघडा पडतो, आणि त्या दांड्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, सापडतात, पाटीच्या पाटी. सूर्य उगवता उगवता गावातल्या बायका तिकडे जायच्या. काठ आणि दांडा यांच्यामध्ये एक ओढा होता. ओहोटीला त्यात घोट्याएवढं पाणी. लुगडं जरा वर खोचलं की झाली पार.

पण ती खाडी भारी कपटी. भरती दांड्यावरून येत नसे. ती आधी मागून गुपचूप ओढ्यात शिरायची. दांडा कोरडा ठणठणीत, बायका वाकून वाळू उकरतायत, आणि पाठीमागं परतीची वाट गळ्याइतक्या पाण्यात. पूर्वी अशी माणसं गेली होती. म्हणून गावानं नेम करून ठेवला होता: सहावा टोला पडला की उठायचं. पाटी अर्धी असो, भरलेली असो, उठायचं. पाण्याकडे बघून अंदाज बांधायचा नाही, कारण पाणी फसवतं. टोला फसवत नाही.

त्या सकाळी अकरा बायका निघाल्या. त्यांत आवडी होती, आबाची लेक. ती नेहमी दोन पाट्या भरायची, एक सासरी आणि एक बापाला, म्हणून ती सगळ्यात लांबच्या टोकाला जायची आणि सगळ्यात शेवटी उठायची. जाता जाता तिनं धाकूच्या भट्टीत डोकावलं आणि सांगितलं, दादा, आले की माझ्या दुधाच्या कासंडीची कडी बसवून दे. धाकू म्हणला, आधी कालवण पाठव, मग कडी. ती हसत गेली.

मग टोले पडायला लागले. एक. दोन. प्रत्येक टोल्याला धाकू बुरडाकडे बघून मिशी पिळायचा. तीन. चार. बुरूड म्हणला, मला तर काही फरक वाटत नाही बाबा. धाकू म्हणला, दुपार होऊ दे.

पाचवा टोला पडला. धाकूनं सहज अंगणात बघितलं. त्याच्या दारापुढं शेवग्याचं झाड होतं, आणि रोज सहाव्या टोल्याला त्याची सावली उंबऱ्यावरून उतरायची. आज आत्ताच पाचवा पडला होता, आणि सावली उंबरा उतरायच्या बेतात होती.

आधी त्याला मजा वाटली. मग त्याची हातोडी हवेतच राहिली.

शाळेत तो फार गेला नव्हता. पण बोटं होती. पहिल्या वाटीला दहा पळं उशीर. दुसरी वाटी सोडली तीच उशिरा, आणि वर तिची आणखी दहा. वीस. तिसरी, तीस. तो अंगठा पेरांवरून सरकवत गेला. सहावीला किती? साठ. साठ पळं म्हणजे पान लावायचा वेळ नव्हे. साठ पळं म्हणजे अख्खी घटका. दांड्यावरच्या बायकांना उठायची वेळ आत्ता झाली होती, आणि टोला पडायला अजून एक घटका होती.

त्यानं बुरडाला सांगितलं. बुरडाच्या हातातली बांबूची कामटी खाली पडली. पळत पारावर जायचं आणि आबाला सांगायचं, टोला दे. एवढंच करायचं होतं. शंभर पावलं.

पण आबा विचारणार, का? मग काय सांगायचं?

बुरूड कुजबुजला, बायकांना डोळे आहेत, त्या बघतील पाणी. धाकूलाही ते पटलं, कारण त्याला पटवून घ्यायचंच होतं. बघतील की. आजवर इतक्या वेळा गेल्यात. एखादी तरी मान वर करेल. तो हातोडी धरून बसून राहिला. एक घाव घालायचा, कान द्यायचा. परत एक घाव. टोला काही पडेना. आयुष्यात त्याला कुठली घटका इतकी लांब वाटली नव्हती, आणि ती लांब त्यानंच केली होती.

मग खाडीकडून किंचाळी आली. एकच, आणि तिच्यामागून पुष्कळ.

गाव धावलं. धाकू सगळ्यांच्या पुढं होता. काठावर येऊन बघतो तर ओढा राहिलाच नव्हता, नुसतं तांबूस फिरणारं पाणी. पलीकडं दांड्याचा एक पट्टा उरलेला आणि त्यावर बायका. त्यांनी पाट्या टाकून दिल्या होत्या. अंगावरची लुगडी सोडून एकीच्या पदराला दुसरीचा पदर बांधत होत्या. लाज कसली आणि काय कसलं. त्याच वेळी वर पारावर आबानं मोगरी उचलली आणि सहाव्या घटकेचे टोले दिले. एक, दोन, तीन, शांतपणे मोजून सहा. तो आवाज ऐकून काठावरची माणसं जागच्या जागी थिजली. पाणी गळ्याशी आलं होतं, आणि टोला सांगत होता, आता निघा.

होड्या चिखलात रुतलेल्या होत्या. धाकूनं एकट्यानं एक होडी ढकलत पाण्यात नेली. कशी नेली ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. दोन खेपा केल्या. लुगड्यांच्या दोराला धरून एक-एक बाई ओढून घेतली. काठावर मोजल्या तेव्हा दहा भरल्या.

अकरावी आवडी.

एक बाई रडत सांगत होती की आम्ही तिला हाका मारल्या, चल म्हणलं, पाणी आलं. तर ती लांबूनच म्हणली, अजून टोला कुठं पडलाय, तुम्ही भित्र्या आहात, मी दुसरी पाटी भरून येते.

दुपार झाली. दीपमाळेची सावली पायरीला टेकली आणि सरकूनही गेली. ती बघायला देवळापाशी कुणी नव्हतं, बुरूडसुद्धा नव्हता. धाकू होडी घेऊन खाडी धुंडाळत होता. तळहात सोलवटले होते. शेवटी पार आतल्या अंगाला, कांदळवनात, त्याला एक हात दिसला. आवडी एका झाडाच्या मुळाला मिठी मारून होती. हनुवटीपर्यंत पाणी, ओठ निळे. पाटी कमरेला तशीच बांधलेली.

त्यानं तिला ओढून होडीत घेतली. बराच वेळ ती नुसती थरथरत होती. मग तिनं डोळे उघडले, त्याला ओळखलं, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं,

"दादा, सहावा टोला पडला का?"

पोरगी मरणाच्या दारात उभी होती, आणि अजून टोल्याची वाट बघत होती. पाण्यावर तिचा विश्वास नव्हता, बायकांवर नव्हता, स्वतःच्या बुडणाऱ्या अंगावरसुद्धा नव्हता. टोल्यावर होता. तो वल्हं मारत राहिला. डोळ्यांतून काय वाहतंय ते त्यानं पुसलंही नाही.

उन्हं कलली तेव्हा सगळं गाव पाराभोवती जमलं. धाकूला लोक खांद्यावर घ्यायचेच बाकी होते. आवडीची सासू त्याच्या पाया पडायला वाकली. गुरवानं त्याला हार आणला, झारीवाल्या गुरवानं. धाकूनं तो हातात धरला, गळ्यात घातला नाही. आणि त्याच लोकांनी आबाकडे पाठ फिरवली होती. कुणी म्हणत होतं म्हातारा झोपला असणार, कुणी म्हणत होतं तपकिरीच्या नादात वाटी उचलायला विसरला. एकानं तर तोंडावर सुनावलं, स्वतःची लेक तरी आठवायची होती.

आबा थाळीखाली बसला होता. एका दिवसात चाळीस वर्षं एकदम अंगावर आल्यासारखा.

खोत न्यायी माणूस होता. तो म्हणला, दोष माणसात आहे की वाटीत, हे आधी बघू. वाटीची पारख एकट्या तांबटालाच आहे, आणि आज त्याच्याइतका भला माणूस गावात दुसरा नाही. तो सांगेल ते खरं. वाटीत खोट नसेल तर आबानं मोगरी खाली ठेवावी आणि पुन्हा या पाराची पायरी चढू नये.

वाटी धाकूच्या हातात आली.

त्यानं ती उन्हाकडे धरली. भोकाच्या कडेला मेणाची बारीक चकती होती. ज्यानं लावली त्यालाच दिसेल इतकी बारीक. धाकूनं अंगठ्याचं नख तिथं टेकवलं. नख जरा फिरवलं की मेण नखात, आणि वाटी निर्दोष. समोर गर्दीत बुरूड उभा होता, पांढराफटक. तो डोळ्यांनी सारखं एकच सांगत होता: वाटी ठीक आहे म्हण. सगळ्या बाया जिवंत आल्यात. मिटव.

धाकूचं नख फिरलं. मेण निघालं. कुणाला काही दिसलं नाही. आता फक्त तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते.

तेवढ्यात आबा बोलला. गावाशी नाही, धाकूशीच, जसा काही तिथं दुसरा कुणी नव्हता.

"वाटीत काही नसणार रे, मला माहीत आहे. तू केस घातला होतास. खरं सांगू का, आज प्रत्येक वाटीला माझ्या मनात साठ पळं मोजून झालेली असायची, आणि वाटी वर तरंगतच असायची. मला वाटायचं, दे टोला. मोगरी उचलायचो आणि खाली ठेवायचो. स्वतःलाच म्हणायचो, तू म्हातारा झालास, तुझी मोजणी गेली, वाटी कशी चुकेल? मी माझ्या मनाचं ऐकलं असतं तर माझी आवडी..."

त्यानं मोगरी उचलली आणि खोताच्या पायाशी ठेवायला वाकला.

धाकूला वाटलं आपल्याला कुणीतरी छातीवर लाथ मारली. त्यानं फक्त एक वाटी बिघडवली होती, असं तो दिवसभर स्वतःला सांगत होता. वाटी तर नखानं दुरुस्त झाली. पण चाळीस वर्षं बिनचूक चाललेलं दुसरं एक माप त्यानं मोडून टाकलं होतं, आणि ते या म्हाताऱ्याच्या आत होतं. तिथं नख पोचत नव्हतं.

"आबा, मोगरी ठेवू नका," तो म्हणला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं हार खाली टाकला आणि अंगठा पुढं केला. नखात मेणाचा पिवळा कण होता.

"हे वाटीच्या भोकात होतं. मी लावलं. मिशीच्या पैजेसाठी लावलं. तुमची मोजणी बरोबर होती आबा, प्रत्येक वेळी बरोबर होती."

आवडीची सासू दोन पावलं मागं सरकली, मघाशी ज्या पायांवर वाकली होती त्यांच्यापासून. खोतानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण धाकूनं हात वर करून त्याला थांबवलं.

इथवर जे सांगितलं ते नखातलं मेण बघून कुणालाही ताडता आलं असतं. उरलेलं एक फक्त त्याला आणि बुरडाला ठाऊक होतं, आणि बुरूड कधीच बोलणार नव्हता. धाकूनं गर्दीत घोंगडीत गुंडाळून बसवलेल्या आवडीकडे बघितलं.

"आणि मला वेळेवर कळलं होतं," तो म्हणला. "पाचव्या टोल्यालाच कळलं होतं. मी बोटांवर मोजलं. पळत येऊन सांगितलं असतं तर तुझा पाय ओला झाला नसता, आवडी. पण सांगायचं तर कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी अख्खी घटका भट्टीपाशी बसून राहिलो."

तात्पर्य एवढंच: ज्या मापाच्या भरवशावर सगळं गाव पाऊल टाकतं, त्याच्याशी गंमत करू नये, आणि हातून झालीच, तर कबुलीला एका पळाचाही उशीर करू नये, कारण गमतीनं नाही बुडत तेवढी माणसं त्या उशिरानं बुडतात.